सरहद्दीवरून आलेली घरची पत्रं: पाकीट आणि पत्र वेगळं करू नका

पणजोबा मराठा पलटणीत, ट्रंकेत बन्नू-रझमकची (वायव्य सरहद्दीवरच्या वझिरिस्तानकडची) पाकिटं, मोडी पत्रं, एक पदक. पाकिटं अल्बममध्ये लावून पत्रं वेगळ्या फायलीत ठेवू का, हा तुमचा प्रश्न. कृपा करून ठेवू नका. वझिरिस्तानच्या टपालावर बहुतेक साधीच भारतीय तिकिटं असतात, सुटं तिकीट कुठेही मिळतं. मोल आहे ते शिक्का, पत्ता आणि आतला मजकूर एकमेकांना साक्ष देतात त्याचं. तिकीट पाण्यात भिजवून सोडवलं की ही साक्ष कायमची गेली.

आधी प्रत्येक पाकिटाला आणि त्यातल्या पत्राला एकच क्रमांक द्या, तो मऊ पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कव्हरमध्ये ठेवा, मूळ कागदावर नको. कव्हर पॉलिएस्टरचं घ्या. पीव्हीसीतून निघणारी द्रव्यं शाई आणि कागद दोन्ही खातात. लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्या दोन्ही बाजूंना पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, मग सैल करा. स्कॅन ६०० डीपीआयला, दोन्ही बाजू, कोरी असली तरी.

आता तारीख. फील्ड पोस्ट ऑफिसच्या (मोहिमेवरच्या लष्करी टपालघराच्या) शिक्क्यावर बहुधा गावाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, आणि तेच क्रमांक पुढच्या मोहिमांत दुसऱ्या ठिकाणी वापरले गेले. म्हणून साल ठरल्याशिवाय क्रमांकावरून ठिकाण सांगायचं नाही. शिक्क्यातलं साल पुसट असेल तर टपालाचा दर बघा: कार्ड १९२२ पर्यंत पाव आणा, मग अर्धा, १९३१ अखेरीपासून पाऊण. साधं पत्र त्याच क्रमाने अर्धा, एक, सवा आणा. तिकीटच नसेल तर ते नॉटपेड (टपालखर्च न भरलेलं) असू शकतं, दुप्पट वसुलीचा शिक्का आहे का बघा. पलटणीचं नावही बोलतं: '११० मराठा' हे १९२२ च्या पुनर्रचनेआधीचं, तीच पुढे '३/५', म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण.

मोडीतली मिती लावताना सगळ्यात जास्त चुका होतात. शके १८४१ मध्ये ७८ मिळवून १९१९ येतं, पण १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे. माघ शके १८४१ चं पत्र १९२० चं आहे. ते १९१९ मध्ये टाकलंत तर महसूद मोहिमेतलं (वझिरिस्तानातल्या महसूद टोळ्यांविरुद्धची, १९१९-२०) पत्र थेट मे १९१९ च्या अफगाण युद्धाच्याही आधी जाऊन बसेल.

रझमक आणि बन्नूच्या शिक्क्यांत काही दिवसांचं अंतर दिसलं तर बिचकू नका. डोंगरांवर पहारे बसवून रस्ता खुला करायचे त्या ठराविक दिवशीच काफिला निघायचा, टपाल त्याच्याबरोबर.

पुढे पाकिटं विकत घ्यायला लागाल तेव्हा एक सांभाळा. फ्रंटियर मेल ही मुंबई-पेशावर गाडी १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झाली, आणि 'त्या गाडीने आलेलं पाकीट' म्हणून जादा पैसे मागतात. मागे आर.एम.एस.चा (रेल्वे टपाल सेवेचा) वाचता येणारा शिक्का नसेल तर एक रुपयाही जास्त देऊ नका.

पदक पॉलिश करू नका. त्याच्या कडेवर शिपाई नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून वाचा आणि तोच नंबर पत्रांवरच्या पत्त्याशी ताडून बघा.