आज कुणाला विचारलंस?

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत प्रश्न तीनच, बाकी सगळी धाकधूक. पहिलीच नोकरी, सहावीचा वर्ग, बेचाळीस मुलं आणि त्यात वरिष्ठांनी तुझ्या गळ्यात मारलेला 'समता व नागरिकत्व सप्ताह'. घोषवाक्यं कोणती लिहू, प्रतिज्ञा कुणाकडून म्हणवून घेऊ, असं विचारलं आहेस. त्याचं तू बघशीलच, तुझं अक्षर माझ्यापेक्षा केव्हाही चांगलं. मी तुला वेगळंच काम लावते.

उद्या एका कोऱ्या कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा काढ आणि ज्याच्या त्याच्या जागी नावं लिही. शिकवताना ज्याला प्रश्न विचारशील त्याच्या नावापुढे एक रेघ ओढ. पाच दिवस एवढंच करायचं. मध्येच मोजायला बसू नकोस. मोजलंस की लगेच शहाण्यासारखं वागायला लागशील आणि सगळा हिशेब खोटा होईल.

मी हे पहिल्यांदा केलं ते नोकरीच्या अकराव्या वर्षी. तोवर कधी गरजच वाटली नव्हती, कारण आपण भेदभाव करत नाही अशी माझी पक्की समजूत होती. वर्गात एकोणचाळीस मुलं होती. आठवड्याच्या शेवटी पाहिलं तर निम्म्याहून जास्त रेघा आठ जणांच्या नावापुढे, आणि चौदा जणांपुढे एकही नाही. कागद हातात धरून मी रिकाम्या वर्गात बराच वेळ बसून राहिले. त्या चौदांत मागच्या दोन बाकांवरची मुलं होती, भिंतीकडची रांग होती आणि घरी वेगळी भाषा बोलणारी वर्गातली पाचच्या पाच मुलं होती. मी त्यांचा रागराग करत नव्हते, कधी टाकूनही बोलले नव्हते. पोर्शन संपवायचा होता, पटकन उत्तर कुठून येतं ते डोळ्यांना पाठ झालं होतं आणि डोळे आपसूक तिकडे वळत होते. पण त्या पाच जणांच्या बाजूने बघ. इथे आपलं म्हणणं कुणी विचारत नाही, हे त्यांना वर्षभर रोज न बोलता शिकवलं जात होतं. त्याच वर्षी 'समानतेचा हक्क म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर पाठ करून त्यांनी पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न टाकल्यावर शिक्षक थांबतात किती? सरासरी सेकंदभर! तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुढच्याकडे, नाहीतर शिक्षक स्वतःच उत्तर सांगून मोकळे. हा वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, ती एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलू लागली आणि शिक्षकांनी ज्यांना 'कच्ची' म्हणून सोडून दिलं होतं त्यांनाही कंठ फुटला. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण वर्गासमोर उभी राहून मनात मोजून बघ, जीव वरखाली होतो. मी तर सुरुवातीला पाठमोरी होऊन उगाचच फळा पुसत असे, नाहीतर माझंच तोंड उघडायचं.

आता तुझा दुसरा प्रश्न. मुलं आपापल्या गोतावळ्यातच बसतात, मधल्या सुट्टीतही मिसळत नाहीत, तर त्यांना सरमिसळ बसवलं की काम होईल का? नुसतं बसवून होत नाही, आणि न बसवताही होत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ब्राऊन खटल्यात एकमताने निकाल दिला की वंशानुसार वेगळ्या केलेल्या शाळा मुळातच असमान असतात. हा निकाल कागदावरून प्रत्यक्ष वर्गात उतरायला बऱ्याच ठिकाणी पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ च्या सुमारास गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एकत्र आली आणि थोड्याच दिवसांत मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावणं गेलं. त्याने उपदेश केला नाही, आधी वर्ग बघितले. शिक्षक विचारतो, पाच-सात हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीच्यांचा हिरमोड. ज्यांना येत नाही ते मान खाली घालून आपला नंबर टळण्याची वाट बघतायत. एकाचं चुकलं की दुसऱ्याचा चेहरा खुलतोय. अशा वर्गात मुलं जवळ बसवली तर भांडणंच जवळ येणार.

मग ॲरन्सन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी धडाच कापला. पाच-सहा जणांचा मिश्र गट, आणि समजा एखाद्याचं चरित्र असेल तर त्याचे तेवढेच तुकडे. बालपण एकाकडे, तरुणपण दुसऱ्याकडे. परीक्षा मात्र अख्ख्या चरित्रावर. आता गटातल्या अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसून चालणार नव्हतं, कारण त्याच्या हातातली माहिती दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. चिडवलं तर तो गप्प होतो आणि नीट विचारलं तर बोलतो, हे पोरांना स्वतःच्या गुणांच्या काळजीने का होईना, कळत गेलं. या पद्धतीला जिगसॉ वर्ग म्हणतात. आपल्याकडे गटकार्य म्हणजे हुशार मुलीने तक्ता करायचा आणि बाकीच्यांनी चिकटपट्टी तोडून द्यायची. त्या गटकार्याने विषमता घटत नाही, तिला रंगीत कागद चिकटवला जातो एवढंच.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे १९५४ मध्येच सांगून ठेवलं होतं. वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आल्यावर पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर तिथे सगळ्यांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये आणि वर अधिकाराच्या जागेवर बसलेल्यांचा या सगळ्याला उघड पाठिंबा हवा. वर्गात अधिकाराच्या जागेवर तूच आहेस. तू कुणाच्या चुकीवर हसतेस आणि कुणाच्या चुकीवर उसासा टाकतेस, यावर बेचाळीस जोड्या डोळे लक्ष ठेवून असतात.

तिसरा प्रश्न तू शेवटी, दोन ओळींत, जवळजवळ लपवून लिहिला आहेस. मला तोच खरा वाटला. एक पालक येऊन म्हणाले, 'आमच्या मुलाला त्याच्याशेजारी बसवू नका.' का, म्हणून विचारलंस तर 'तुम्हाला कळतं ना' म्हणून हसले. तू काहीच बोलली नाहीस आणि रात्रभर तळमळत राहिलीस.

तळमळू नकोस, सोमवारी एक नियम कर. दर पंधरा दिवसांनी चिठ्ठ्या टाकून जागा बदलणार, सगळ्यांच्या, अपवाद फक्त ज्यांना फळा दिसत नाही किंवा ऐकू कमी येतं त्यांचा. नियम फळ्याशेजारी लावून टाक. ते गृहस्थ परत आले की शांतपणे सांग, 'जागा चिठ्ठीने ठरते, पंधरवड्याने आपोआप बदलेल.' त्यांच्याशी वाद घालू नकोस. चाळिशीतल्या माणसाचं मन वर्गाच्या दारात उभं राहून बदलत नाही, निदान मला तरी ते कधी जमलं नाही. पण मुलाला उठवूही नकोस. एकदाही नाही. एक मूल उठून दुसरीकडे गेलं की त्याच्या शेजारी मागे राहिलेल्या रिकाम्या जागेकडे सगळा वर्ग बघतो, आणि ती का रिकामी झाली हे कुणाला सांगावं लागत नाही.

मी हे एकदा केलं होतं. पालक वजनदार होते आणि वरून सूचना आली होती. त्यावर जास्त लिहीत नाही.

असं नमतं घेत गेलं की गोष्ट कुठवर जाते ते बॉस्नियात दिसतं. १९९२ ते १९९५ च्या युद्धानंतर तिथल्या काही गावांत क्रोएट (बहुतेक कॅथलिक) आणि बॉस्नियाक (बहुतेक मुस्लिम) मुलांसाठी 'एका छपराखाली दोन शाळा' अशी व्यवस्था आली. इमारत एकच, पण अभ्यासक्रम वेगळे, शिक्षक वेगळे, कुठे दारं वेगळी तर कुठे भरण्याच्या वेळा. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण दोन दशकं उलटली तरी संपलं नाही. याइत्से गावातली माध्यमिकची मुलं मात्र एकत्र शिकत होती. २०१६ च्या सुमारास तिथेही वेगळी शाळा काढायचं ठरलं, तेव्हा दोन्ही समाजांतली मुलं मिळून रस्त्यावर आली. वर्षभर ती मागे हटली नाहीत आणि २०१७ मध्ये तो बेत बारगळला. सभा कशी घ्यायची, निवेदन कुणाला द्यायचं, हे त्यांना जमलं ते एका बाकावर बसून आधी गृहपाठाची, मग भांडणाची देवघेव झाली होती म्हणून, असं मला वाटतं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांची पहिली एकत्र शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ साली पालकांनीच सुरू केली तेव्हा तिथे अवघे २८ विद्यार्थी होते. तुझ्याकडे बेचाळीस आहेत.

हे सगळं वाचून शाळा म्हणजे जादूची कांडी आहे असं मात्र समजू नकोस. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दाखवलं की मुलांच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा शाळेतल्या साधनांपेक्षा बराच मोठा असतो. ज्या मुलाला संध्याकाळी अभ्यासाला जागाच नाही, त्याची अडचण तुझ्या चिठ्ठ्यांनी सुटणार नाही. पण मुलांची विभागणी कधी करायची, हे शाळेच्याच हातात असतं. फिनलंडमध्ये दहा-अकराव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या होत. १९६८ च्या कायद्याने ते थांबवून सर्वांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा ठरली, १९७२ पासून ती उत्तरेकडून दक्षिणेकडे टप्प्याटप्प्याने आली, आणि गणित व भाषांमधले 'हुशार' आणि 'कच्चे' असे वेगळे वर्ग १९८० च्या दशकात बंद झाले. म्हणून कुणी तुझ्या वर्गाच्या अ, ब, क तुकड्या पाडायचं सुचवलं तर मान डोलावण्याआधी विचार कर.

राहिलं नागरिकत्व. त्यासाठी प्रतिज्ञेपेक्षा मला यानुश कोर्चाक या पोलिश डॉक्टर-शिक्षकाचं न्यायालय जवळचं वाटतं. वॉर्सातल्या त्याच्या अनाथालयात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच, आणि संहितेतली पहिली कितीतरी कलमं क्षमा करण्याची. कोर्चाकने अर्ध्या वर्षात पाच वेळा स्वतःवर खटला भरून घेतला होता. एका मुलाच्या कानाखाली मारल्याबद्दल, एका मुलीवर चोरीचा आळ घेतल्याबद्दल, वगैरे. विचार कर, आपल्यावर आळ घेणारे मोठे गृहस्थ न्यायालयापुढे उभे आहेत हे बघून त्या मुलीला कायदा म्हणजे काय ते कळायला अजून कुठला धडा लागला असेल? तू न्यायालय मांडू नकोस, पहिल्या वर्षी झेपणार नाही. पण वर्गाचे नियम मुलांबरोबर बसून करताना एक ओळ अशी असू दे जी तुलाही बांधील. मी 'उशिरा येणाऱ्याने कारण सांगावं' हा नियम स्वतःला लावला होता. तीनदा कारण सांगावं लागलं. एकदा त्यांना पटलं नाही.

सप्ताहाचे फोटो मला पाठवू नकोस, ते सगळीकडे सारखेच असतात. तो बाकांचा कागद पाठव. शाई पसरलेली असली, रेघा वेड्यावाकड्या असल्या तरी चालेल. आणि ज्यांच्या नावापुढे काहीच नसेल त्यांना सोमवारी एकदम उभं करून विचारत सुटू नकोस, बिचारी घाबरतील. आधी नुसतं त्यांच्या बाकापाशी उभी राहून शिकव.

तुझ्या,
बाई