मारहाणीची तक्रार झालीय, पोलीस ठाण्यात बोलावलंय. पोलीस सांगतील तिथं सही करावी का? आरोपीला काही हक्क असतात का?

हक्क असतात, भरपूर असतात, पण ते मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि तुमचा सहीचा प्रश्न वाचून मला आमचे दाजीच आठवले.

बांधावरून भांडण झालं होतं. माझ्या धाकट्या भावानं शेजाऱ्याला ढकललं, तो दगडावर पडला, हाताचं हाड मोडलं. हाड मोडलं की साधी मारहाण राहत नाही, गंभीर दुखापत होते, तेव्हाचं जुन्या दंड संहितेचं कलम 325, आता 1 जुलै 2024 पासून बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 117(2), सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण भावाच्याही डोक्यात खोऱ्याचा दांडा बसलेला, शर्टावर रक्त वाळलेलं, आणि ठाण्यात ते कुणी विचारतच नव्हतं कारण ती मंडळी आमच्या आधी पोचली होती. गावाकडं आधी पोचतो तो फिर्यादी.

हवालदारानं तयार जबाब पुढं केला, रागाच्या भरात मारलं वगैरे. दाजी म्हणे कर रे सही, साहेब चांगलेयत, संध्याकाळपर्यंत सोडतील, आणि पाकिटाची तयारी करूनच आले होते. मी म्हटलं सही नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागतच नाही, आणि पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. दाजी अजून प्रत्येक लग्नात विचारतात, चालत नाही तर केली असती तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं हे की त्याच जबाबात "हत्यार काढून देतो" असं एक वाक्य घुसतं, मग खरंच काहीतरी जप्त होतं, आणि तेवढा भाग मात्र कोर्टात चालतो.

मी भावाची मेडिकल मागितली. अटक झालेल्याची तपासणी करावीच लागते, त्यात अंगावरच्या जखमा लिहाव्या लागतात. ग्रामीण रुग्णालयात टाके पडले, कागद झाला, त्या कागदावरच आमची क्रॉस केस, म्हणजे समोरच्यांवरची उलट तक्रार, उभी राहिली. शिवाय 325 जामीनपात्र होतं (117(2) पण आहे), म्हणजे जामीन ठाण्यातच द्यावा लागतो, पाकीट कशाला? पुढं सरकारी मोजणी होऊन दगड रोवल्यावर कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. दाजी म्हणतात मी पहिल्याच दिवशी मिटवा म्हणत होतो. पहिल्या दिवशी मिटवलं असतं तर पैसेही गेले असते आणि बांधही.

तुमचं सांगायचं तर, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा आधी 35(3) ची नोटीस येते (हे कलम बीएनएसएसचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं; अटक न करता हजर राहा असं सांगणारी नोटीस). ती आली की वेळेवर जा, हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं. अटक झालीच तर कारणं लेखी आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2025 मध्ये सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलंय. घरच्यांना कळवणं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं, हे तर आहेच. चौकशीत वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ बसवता येत नाही. कोठडीत असाल तर विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. एफआयआर पोलिसांच्या वेबसाईटवर बघा, संवेदनशील केस सोडली तर मिळते.

आता सहीचं नीट सांगतो, नाहीतर कुणीतरी माझ्या नावानं ठाण्यात वाद घालेल. जबाबावर नाही, पण अटकेच्या पंचनाम्यावर आणि नोटीस मिळाल्याची सही करावी लागते, ती वाचून करा, वेळ बरोबर लिहिलीय का बघा. दुसरं, चाकू-कोयता असलं काही हत्यार असेल तर बीएनएसचं 118 लागतं, ते अजामीनपात्र आहे, तिथं माझी ही शहाणपणाची गोष्ट लागू नाही, ठाण्यात जायच्या आधी वकील गाठून अटकपूर्व जामिनाचं विचारा. आणि फिर्यादीला किंवा साक्षीदाराला स्वतः फोन करू नका, माफी मागायला सुद्धा नाही, धमकावलं म्हणून नवीन तक्रार यायला वेळ लागत नाही आणि जामीन त्यावरच रद्द होतो.