रस्टच्या आधी कीपअलाइव्ह बघा

टेम्पोंवरची जीपीएस यंत्रं टीसीपीने (सतत उघडं राहणारं नेटवर्क कनेक्शन) पायथनच्या सर्व्हरला जोडलेली, गाडी बराच वेळ उभी राहिली की स्क्रीनवर ऑनलाइन दिसते पण कमांड पोचत नाही, आणि साहेब म्हणतात सगळं रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहा. तुमची ही पोस्ट वाचून अंगावर काटाच आला! आमच्याकडे गाड्यांऐवजी गोदामांतली यंत्रं होती आणि सर्व्हर नोडमध्ये (जावास्क्रिप्टवर चालणारा), बाकी दुखणं हेच.

थ्रेड, असिंक वगैरे (एकाच वेळी अनेक कामं सांभाळायच्या पद्धती) तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडतो.

सर्व्हर ग्राहकाच्या महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये होता. मधला फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, त्यांच्या नेटवर्कवाल्यांच्या ताब्यात. नाव घेत नाही, अजून त्यांच्याशी काम पडतं. वर्दळ नसलेलं कनेक्शन तो फायरवॉल गुपचूप विसरून जायचा, दोन्ही टोकांना पत्ता नाही. आयडल टाइमआउट, म्हणजे किती वेळ गप्प राहिलेलं कनेक्शन विसरायचं तो आकडा, किती ठेवलाय, एवढंच आम्ही विचारत होतो. उत्तर ठरलेलं: "आमच्याकडून काही ब्लॉक नाही, ॲप्लिकेशन तपासा." तिकीट बंद. नवं काढलं की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. अहो, ब्लॉकबद्दल विचारतंय कोण! शेवटी वरच्यांनी वैतागून सर्व्हर गो या भाषेत लिहून घेतला आणि त्रास थांबला. 'गो काय फास्ट आहे' म्हणून ऑफिसात वडापाव वाटले गेले.

वेगाचा काही संबंध नव्हता. गो टीसीपी कनेक्शनवर कीपअलाइव्ह, म्हणजे कनेक्शन गप्प असताना 'मी आहे' सांगणारा छोटा निरोप, आपणहून चालू करतं, 15 सेकंदांचा. पायथनच्या सॉकेटवर, जावात, नोडमध्ये तो आपण चालू करावा लागतो. आणि नुसता चालू करून भागत नाही, कारण लिनक्सचा डिफॉल्ट 7200 सेकंद. दोन तासांत फायरवॉल तुम्हाला कधीच विसरलेला असतो. तुमच्याकडे ही करामत बहुधा मोबाइल कंपनीच्या नॅटची (अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यावरून इंटरनेटला जोडणारी यंत्रणा) असावी. लांबून बघून सांगतोय, चूक असू शकतं.

तरी भाषा बदलायचीच असेल तर माझं मत गोला. गोरूटीनचा (गोचा हलका थ्रेड) स्टॅक, म्हणजे त्याची कामाची मेमरी, 2 केबीपासून सुरू होतो, हजारो कनेक्शनं सरळ ओळीने लिहिलेल्या कोडमध्ये सांभाळता येतात. टीम जावाची असेल तर जावाच ठेवा. 2023 च्या जावा 21 पासून व्हर्च्युअल थ्रेड आहेत, तेही असेच हलके. फक्त 21 मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकालाच आत सोडणारा कोडचा भाग) आत थांबलात तर खालचा खरा थ्रेडही अडकतो, ते 24 मध्ये सुटलं. रस्ट उत्तम आहे, पण डिस्कॉर्ड या चॅट ॲपने 2020 मध्ये सांगितलं की त्यांनी एक सर्व्हिस गो भाषेवरून रस्टवर नेली ती गार्बेज कलेक्शनच्या (वापरून झालेली मेमरी आपोआप साफ करण्याच्या) झटक्यांमुळे. टेम्पोचा ठिपका अर्धा सेकंद उशिरा हलला तर कोणाचं काय अडतं? (शेअर बाजाराला ऑर्डर पाठवणाऱ्यांनी माझं ऐकू नये.)

आधी चालू सर्व्हरवर लिनक्सची कनेक्शनं दाखवणारी एसएस (ss) कमांड ओ (-o) पर्याय लावून चालवा. कीपअलाइव्हचा टायमर दिसला नाही तर तो बंदच आहे. टाइमआउट विचारायला मोबाइल कंपनीला फोन करू नका, आयुष्य जाईल. त्यापेक्षा एक यंत्र गप्प ठेवून पाच, मग दहा, मग वीस मिनिटांनी कमांड पाठवा. जिथे पोचायची थांबते त्याच्या निम्म्यावर कीपअलाइव्ह लावा. गो भाषेकडे गेलात तर मात्र 15 सेकंद वाढवा, सिमचा डेटा फुकट जातो.