छताला फोड आले, म्हणजे गंज कुठे आहे?

प्रश्न : आमची 2004 सालची टाटा 407 आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी चिरा आणि सिमेंट. दीड वर्षापूर्वी पासिंगच्या आधी केबिनचं छत घासून रंगवलं. यंदाच्या पावसात पुढच्या काचेच्या वर फोड आले, आणि ड्रायव्हरच्या कोपऱ्यातून पाणी टपकतं. रंग खराब होता का? पुन्हा करायचं तर कसं आणि किती सामान लागेल? — एक वाचक, देवगड

उत्तर : रंगाला दोष देऊ नका. एक फोड नखाने उकलून पाहा. रंगाचा पापुद्रा अख्खा निघेल आणि त्याच्या पाठीला तांबडी भुकटी चिकटलेली दिसेल. म्हणजे रंग धड होता, त्याच्या खालचा पत्रा आधीच गंजत होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो.

हा गंज छताच्या मधोमध क्वचितच सुरू होतो. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांवर जोडलेले असतात, ती कडेची पन्हळ, म्हणजे गॅरेजमधलं ‘गटर’, तिथे पाहा. जोडाची फट बुजवणारं सीलर वीस वर्षांत कडक होऊन तडकतं आणि केसाएवढ्या फटीतून पाणी दोन पत्र्यांमध्ये उतरतं. देवगडच्या हवेतलं मीठही त्यात असतं आणि मीठ ओल धरून ठेवतं. दुसरी जागा कॅरियरच्या बोल्टांची भोकं, तिसरी काचेच्या रबराखालची कड.

आधी आतलं रेक्झिन आणि फोम पूर्ण काढा. बॅटरीच्या वायरी सोडा, पुढची काच उतरवा. आता आतून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पन्हळीजवळ दर दोन बोटांवर दाबत जा. टणक लागलं तर पत्रा शिल्लक आहे. टोक रुतलं किंवा ‘करकर’ आवाज आला, तर तो भाग कापायचाच, त्याला दुसरा उपाय नाही.

ठिगळासाठी जुन्या पत्र्याच्या जाडीचाच सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) पत्रा घ्या, बहुतेक ठिकाणी 20 गेज, म्हणजे सुमारे 0.9 मिमी चालतो. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा नको, वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर होतो. गॅस वेल्डिंगही टाळा. एवढ्या उष्णतेने सपाट छत पापडासारखं वाकतं आणि मग ते पुट्टीनेच सरळ करावं लागतं. सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून) 25 ते 30 मिमी अंतरावर टाके, म्हणजे ठिपक्याएवढे जोड, मारा. एक टाका इकडे, पुढचा लांब तिकडे, आणि मधे पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्या. ठिगळाची आतली बाजू जोडायच्या आधीच प्रायमर करा, फक्त टाक्याची कड मोकळी ठेवा. जोडल्यावर तिथे हात पोचत नाही.

जिथे पत्रा टणक आहे पण खड्डे पडलेत, तिथे ग्राइंडरला वायर ब्रश लावून आणि मग 80 नंबरच्या पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतात, त्यांच्यावरच फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रावण, लावा. डब्यावर लिहिलेला वेळ झाला की पाण्याने धुऊन, लगेच पुसून, पूर्ण वाळवा. आम्ल राहिलं तर वरच्या इपॉक्सी प्रायमरचा हार्डनर नीट काम करत नाही आणि तो प्रायमर सालीसारखा सुटतो. ‘कन्व्हर्टर लावला, काम झालं’ हा समज इथेच फसतो.

मग दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पुट्टी त्याच्यावर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण पुट्टी पाणी शोषते. पॉलिएस्टर पुट्टीत 100 ग्रॅमला साधारण 2 ग्रॅम हार्डनर. थर 2 ते 3 मिमीच्या वर नको. सर्व जोडांवर पॉलियुरेथेन सीम सीलर बोटाने दाबून भरा. बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही आणि आजूबाजूलाही खळगे पडतात.

320 आणि मग 400 नंबरच्या वॉटर पेपरने घासून पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन-तीन हात द्या. छत साधारण अडीच-तीन चौरस मीटर धरलं, तर हार्डनरसकट एक ते सव्वा लिटर इपॉक्सी आणि एक लिटर रंग आणून ठेवा, फवारणीत बराच उडून जातो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क घ्या आणि मोकळ्या जागी फवारा.

प्रश्न : जुन्या रंगावरच पीयू मारला तर चालेल का? सगळा रंग काढायला दोन दिवस जातात.

उत्तर : कोपऱ्यात थिनरने ओलं केलेलं फडकं एक मिनिट दाबून ठेवा. जुना रंग सुरकुतला किंवा फडक्याला उतरला, तर खाली इनॅमल किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे. पीयूचा थिनर त्याला उचलणार, तेव्हा सगळा काढा. काही झालं नाही तर नुसतं घासून पुढे जा. छत पांढरं करायचा मोह होतो, केबिन थंडही राहते. पण आरसीवर रंगाची नोंद असते, बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

प्रश्न : पासिंगची तारीख जवळ आली आहे. पावसातच करून टाकू का?

उत्तर : कापाकापी, वेल्डिंग आणि प्रायमर छपराखाली, पत्रा कोरडा असताना करता येईल. रंग मात्र हवेत 85 टक्क्यांच्या वर दमटपणा असताना मारू नका. पीयूचा हार्डनर हवेतल्या पाण्याशीच भिडतो, मग चकाकी जाते आणि बारीक बुडबुडे उरतात. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही नको, रंग पसरायच्या आत वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. सकाळी दहाच्या सुमारास, सावलीत मारा. दुसऱ्या दिवशी काच बसवा, पण ताडपत्री आणि दोरखंड आठवडाभर छताला लागू देऊ नका. रेक्झिन लावायच्या आधी पन्हळीवर वीस मिनिटं पाइपाने पाणी सोडून आत टॉर्च मारून पाहा. थेंब दिसला तर सीलर त्याच जागी पुन्हा भरायचं.