नेमणुकीची वाट पाहणारे फादर : तुमचे प्रश्न

बदल्यांची यादी जाहीर झाली की माझ्याकडे पत्रं सुरू होतात. लिहिणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. खालचं सारं कॅथलिक ख्रिस्तसभेच्या लॅटिन विधीच्या 1983 च्या कायदेसंहितेप्रमाणे आहे. पूर्वेकडील कॅथलिक मंडळ्यांची संहिता 1990 ची आणि वेगळी आहे, त्यांनी आपल्याच बिशपांच्या कार्यालयात विचारावं.

प्रश्न : आमच्या फादरांनी दोन महिन्यांपूर्वी धर्मग्राम (पॅरिश) सोडलं. पुढची नेमणूक नाही, ते बिशप निवासात राहतात. सगळे म्हणतात, काहीतरी प्रकरण असणार आणि त्यांना निलंबित केलंय. खरं काय?

या ‘सगळ्यांपैकी’ एकानं तरी तसा आदेश पाहिलाय का? निलंबन ही शिक्षा आहे आणि शिक्षा सहसा ठरावीक प्रक्रियेनं, आदेश काढून दिली जाते. हातात पद नसणं ही शिक्षा नव्हे. जिथं जायचंय तिथले फादर अजून निघालेले नसतात, कोणी आजारी असतो, कोणाला अभ्यासासाठी पाठवायचं असतं. बिशपांचंच पद रिकामं असेल तर प्रश्न आणखी लांबतो, कारण तात्पुरता कारभार पाहणाऱ्या प्रशासकाला पहिलं वर्ष संपेपर्यंत स्वतःच्या निवडीनं धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाही (कलम 525). एवढं साधं कारण कोणी सांगत नाही, पण ‘प्रकरण’ मात्र मोबाईलवरून तासाभरात गावभर होतं.

पद नसलेला धर्मगुरूही कोणत्या तरी धर्मप्रांताचा (बिशपांच्या क्षेत्राचा) किंवा संन्यस्त संघाचा असतोच. बेवारस धर्मगुरू ही गोष्ट कायद्याला मान्यच नाही (कलम 265). आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल किंवा पैशांबद्दल तुमच्याकडे खरोखर काही माहिती असेल, तर ती कुजबुजू नका. बिशपांनी नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला आणि पोलिसांना आजच कळवा.

प्रश्न : असे फादर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करू शकतात का?

हो. ओळख नसलेल्या ठिकाणी जाताना आपल्या अधिकाऱ्याचं एक वर्षाच्या आतलं ओळखपत्र सोबत ठेवावं.

प्रश्न : मी धर्मगुरू आहे. माझी ठरलेली मुदत गेल्या महिन्यात संपली, पण बिशपांकडून काहीच आलेलं नाही. मी आता या धर्मग्रामाचा कोण?

प्रमुख धर्मगुरू. मुदत संपल्याचं लेखी कळवलं जात नाही तोवर पद जात नाही (कलम 186). पण मग बिशपांच्या कार्यालयाला स्वतः पत्र लिहून का विचारत नाही? महिनाभर अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते सोपं आहे.

प्रश्न : आमच्या मुलीला लहानपणापासून ओळखणारे फादर आता बदलून गेलेत, नवी नेमणूक व्हायची आहे. ते म्हणतात, ‘मी मोकळाच आहे, येतो लग्न लावायला.’ चर्च तेच, तारीख ठरली आहे. आणखी काही करायला हवं का?

हो, करायला हवं आणि तारखेच्या आधी करायला हवं. वर्षानुवर्षं माझी झोप उडवणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लग्नसंस्कार वधू-वर एकमेकांना देतात. धर्मगुरू त्यांची संमती विचारतो आणि ख्रिस्तसभेच्या नावानं ती स्वीकारतो. ती स्वीकारण्याचा अधिकार गुरुदीक्षेतून येत नाही, पदातून येतो. स्थानिक बिशप किंवा प्रमुख धर्मगुरू, नाहीतर त्यांच्यापैकी एकानं अधिकार दिलेला धर्मगुरू वा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक), आणि दोन साक्षीदार, हे जमलं तरच कॅथलिकांचं लग्न ख्रिस्तसभेच्या कायद्यानं वैध ठरतं (कलम 1108). तुमच्या फादरांकडे तो अधिकार त्या धर्मग्रामाचे प्रमुख म्हणून होता. पद गेलं त्या दिवशी तोही गेला. फादर तेच, वेदी तीच, तुमचं प्रेमही तेच, पण अधिकार नाही. निवृत्त बिशपांनासुद्धा तो मागूनच घ्यावा लागतो.

इथं लोकांचा घोटाळा होतो तो बाकीच्या संस्कारांमुळे. स्नानसंस्कार अडचणीच्या वेळी कोणीही देऊ शकतो. मरणाच्या दारातल्या माणसाचं पापनिवेदन कोणताही धर्मगुरू ऐकू शकतो, त्याच्याकडे कसलाही परवाना नसला तरी. मग लग्नाचंच एवढं काय, असं वाटतं. लग्नाचं असं की अधिकार नसेल तर नुसती कागदपत्रांत चूक होत नाही, लग्नच होत नाही.

मग करायचं काय? आत्ता त्या धर्मग्रामाचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे जा: नवे प्रमुख धर्मगुरू, किंवा नेमलेले प्रशासक, किंवा कोणीच आलं नसेल तर तात्पुरता कारभार सांभाळणारे सहाय्यक. त्यांनी अमुक फादरांना अमुक लग्नासाठी अधिकार दिला, असं नाव घालून लिहून घ्या. एका लग्नापुरता अधिकार तोंडी दिला तरी चालतो, पण तोंडी दिलेलं नंतर सिद्ध कोण करणार? आणखी एक: तुमच्या फादरांना त्या दिवशी ताप आला आणि त्यांनी आपला मित्र पाठवला, तर हा अधिकार त्या मित्राकडे आपोआप जात नाही. एका कामासाठी मिळालेला अधिकार पुढे द्यायचा, तर देणाऱ्यानं तशी स्पष्ट मुभा दिलेली असावी लागते (कलम 137).

धर्मप्रांताच्या न्यायमंडळात काम करत असताना अशाच एका लग्नाची फाइल माझ्यासमोर आली. जुन्या फादरांना वाटलं, सहाय्यकानं परवानगी दिली असेल. सहाय्यकाला वाटलं, फादरांनी ती वरूनच आणली असेल. कोणीच दिली नव्हती. सात वर्षांनी एका दाखल्यासाठी नोंदवही उघडली तेव्हा ते कळलं. लग्न लागलेले ते दोघं माझ्यासमोर बसले होते, बाईंच्या मांडीवर धाकटं मूल. ‘म्हणजे आम्ही नवरा-बायको नाही का?’ एवढंच विचारलं त्यांनी. मुलांबद्दल मी त्यांना लगेच निश्चिंत केलं, सद्भावनेनं झालेल्या अशा लग्नातली मुलं औरसच असतात. लग्नही बिशपांकडून मुळापासून दुरुस्त करून घेता आलं. पण तो प्रश्न त्यांना विचारावा लागला, ही चूक आम्हा धर्मगुरूंची होती.

‘अशा वेळी ख्रिस्तसभा उणीव भरून काढते’ हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. काही ठरावीक परिस्थितीत ती भरून काढते, हे खरं (कलम 144). पण ती परिस्थिती होती की नाही हे न्यायमंडळ मागाहून तपासतं. मुलीचं लग्न त्या भरवशावर लावू नका. असं लग्न आधीच झालं असेल, तर घरच्या घरी पुन्हा शपथा घ्यायला लावू नका. थेट धर्मप्रांताच्या चॅन्सेलरांना (दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटा.

प्रश्न : नेमणूक नसताना धर्मगुरूचं मानधन बंद होतं का?

नव्या पदावर बदली झाली असेल, तर तिथला ताबा घेईपर्यंत जुन्या पदाचं मानधन चालू राहतं (कलम 191). मुदत संपली किंवा राजीनामा मंजूर झाला असेल तर हा नियम लागू होत नाही, पण आपल्या धर्मगुरूचा योग्य निर्वाह होतोय ना, हे पाहणं बिशपांचं कर्तव्य आहे (कलम 384). धर्मप्रांताच्या अर्थव्यवस्थापकांकडे लेखी विचारणा करा. संकोचानं गप्प राहून औषधं अर्ध्यावर सोडणारे धर्मगुरू मी पाहिलेत.

प्रश्न : जुन्या धर्मग्रामात स्वीकारलेले पस्तीस-चाळीस मिस्सा हेतू (लोकांनी दान देऊन ज्यासाठी मिस्सा करायला सांगितल्या ते) माझ्याकडे बाकी आहेत. एका संकेतस्थळानं कळवलंय की ते मला आणखी हेतू पाठवतील, दानातला काही भाग त्यांचा. तसा मी रिकामाच आहे. घ्यावेत का?

नाही. मिस्साच्या दानात व्यापाराची सावलीसुद्धा नको, असं कलम 947 सांगतं. इथं तर सावली नाही, सरळ दलालीच दिसते. ‘विनाअट’, ‘घरबसल्या’, ‘धर्मगुरूंसाठी खास’ असे शब्द जिथं दिसतील तिथं उत्तरही देऊ नका, ते पत्र बिशपांच्या कार्यालयात नेऊन द्या.

बाकी हेतूंचं म्हणाल तर प्रत्येक दानासाठी वेगळी मिस्सा, आणि वर्षभरात पार पडतील त्याहून जास्त स्वतःकडे घ्यायचे नाहीत. दुसऱ्या धर्मगुरूकडे सोपवायचे असतील तर दानाची पूर्ण रक्कम सोपवा. तुम्ही स्वीकारलेले हेतू वहीत नोंदवलेत ना? नसतील तर आजच आठवून नोंदवा. लोकांनी ते आपल्या मेलेल्या माणसांसाठी दिलेले आहेत.

प्रश्न : मी प्रमुख धर्मगुरू आहे. बिशप बदली सुचवताहेत, मला जायचं नाही. नकार देता येतो का?

आपलं म्हणणं मांडता येतं. बिशपांनी बदली लेखी सुचवायची असते आणि देवाच्या व आत्म्यांच्या प्रेमापोटी ती स्वीकारा, अशी समजूत घालायची असते. तुम्ही तयार नसाल तर कारणं लिहून द्यायची. मग बिशप त्यासाठी निवडलेल्या दोन प्रमुख धर्मगुरूंशी त्यांचा विचार करतात, पुन्हा समजावतात आणि तरीही बदली हवी असं ठरलं तर आदेश काढतात (कलम 1748 ते 1751). ‘आत्म्यांचं तारण हाच सर्वोच्च कायदा’ हे वाक्य आपण व्याख्यानांत सतत वापरतो. संहितेत ते अगदी शेवटच्या, 1752 व्या कलमात येतं, आणि ते कलम बदलीचंच आहे.

आदेश हातात पडल्यावर मात्र दिवस मोजा. तो मागे घ्यावा ही लेखी विनंती बिशपांना करायला 10 दिवस असतात, आणि ती नाकारली गेली तर रोमकडे दाद मागायला 15. ‘सण होऊ दे, मग बघू’ म्हणत मुदत घालवलेले धर्मगुरू नंतर माझ्याकडे येतात, आणि तेव्हा माझ्याकडे काहीच उरलेलं नसतं. कायदा जाणणाऱ्या धर्मगुरूला पहिल्याच आठवड्यात भेटा. सहाय्यक धर्मगुरूंना ही प्रक्रिया लागू नाही.

प्रश्न : या काळात दोन-तीन महिने परदेशात मित्राकडे जाऊन राहू का?

बिशपांना विचारून जा.

प्रश्न : माझा मुलगा फादर आहे. नेमणूक नाही म्हणून पाच महिने घरी आहे. आधी रोज मिस्सा करायचा, आता खोलीचं दार लावून असतो. जेवणही कमी झालंय. लोक विचारतात म्हणून बाहेर पडत नाही. त्याचं पाचारण (धर्मगुरू होण्याची देवाची हाक) संपलं का?

तुमच्या पत्रातून पाचारणाबद्दल मला काहीच ठरवता येत नाही, आणि तुम्हीही आत्ता काही ठरवू नका. दिसतंय ते एवढंच की तो खचलाय. मीही असे तीन महिने काढलेत. सकाळी साडेसहाची घंटा माझ्यासाठी वाजत नाही, याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. मला सावरलं ते शेजारच्या धर्मग्रामातल्या एका वयस्क फादरांनी. रोज सायंकाळची प्रार्थना माझ्यासोबत म्हणायला ते यायचे, नेमणुकीविषयी एक शब्द न काढता.

त्याला ‘काय ठरलं?’ असं विचारू नका. त्याच्या गुरुदीक्षेच्या वर्गातल्या कोणाला तरी फोन करून घरी बोलवा. डीनना (आसपासच्या धर्मग्रामांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मगुरूंना) कळवा, आपल्या भागातल्या धर्मगुरूंना अडचणीत एकटं न सोडणं हे त्यांच्या कर्तव्यातच येतं. आणि जेवण, झोप बिघडलीय म्हणून त्याला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. त्यानं जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलून दाखवलं तर त्याच दिवशी न्या, त्याला एकटं ठेवू नका. नेमणुकीचं पत्र आलं की सगळं ठीक होईल म्हणून थांबू नका.