वाचकांचे प्रश्न : ब्लॉगवर घर चालेल का?

सातपूरला कंपनीत नोकरी करतो. नाशिकचं खाणंपिणं आणि जवळचे ट्रेक यांवर मराठीत ब्लॉग लिहितो. महिन्याला 15,000 वाचनं होतात. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करावं का? – सिडको

आत्ता नको. आधी हिशेब मांडा. मराठी पानांवरच्या जाहिरातींना इंग्रजीच्या मानाने भाव कमी. हजार वाचनांमागे 40 रुपये धरले, तर तुमचे महिन्याचे 600 रुपये झाले. ॲडसेन्स ही गूगलची जाहिरातसेवा 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. पहिली रक्कम हातात पडायला सव्वा वर्ष गेलं म्हणून समजा. 40 हा आकडा आम्ही नुसता धरलेला आहे. तुमचा खरा आकडा ॲडसेन्सच्या अहवालात ‘पेज आरपीएम’च्या रकान्यात डॉलरमध्ये दिसेल. बारा महिन्यांची सरासरी काढा, एकट्या ऑक्टोबरवर जाऊ नका. दिवाळीला जाहिरातदारांचा हात सैल असतो, जानेवारीत तोच भाव धाडकन खाली येतो.

खर्चात डोमेन आणि होस्टिंग येतं. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी वाचा. पण सगळ्यात मोठा खर्च वेळेचा, आणि तो कुणी धरतच नाही. हरिहर गडावरचा लेख लिहून झाला की काम संपत नाही. निरगुडपाड्याला जायची एसटी कधी आहे, पायथ्याला गाडी लावायला किती घेतात, हे दर सहा महिन्यांनी बदलावं लागतं. नाही बदललं तर वाचक फसतो आणि परत येत नाही. त्यात ‘हरिहरची उंची किती’ यासारख्या प्रश्नांची उत्तरं आता गूगल स्वतःच वर दाखवतं, तुमच्या पानावर कुणी येतच नाही. कातळातल्या पायऱ्यांवर रविवारी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन कुठे अडकतात, किती वाजता पोचलं तर ती कोंडी टळते, असलं लिहा. ते वाचायला माणसाला यावंच लागतं.

ज्यांचं घर चालतं, त्यांचं बहुतेक जाहिरातींवर चालत नाही. ब्लॉग वाचून हॉटेलवाला फोटो काढून मागतो, कंपनी मराठी मजकूर लिहून मागते, कुणी सहल आखून मागतं. अशी कामं सलग सहा महिने पगाराच्या निम्म्यापर्यंत आली आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला असला, तर राजीनाम्याचा विचार करा.

ॲडसेन्सचा पिन येतच नाही. पैसे अडकले आहेत. – नाशिकरोड

खात्यात 10 डॉलर झाले की पत्ता पडताळायला साध्या टपालाने पिन, म्हणजे खात्यात भरायचा आकडी संकेत, निघतो. दोन ते चार आठवडे लागतात. रजिस्टर पोस्ट नसतं, त्यामुळे शोध घेता येत नाही. पत्ता रोमन लिपीत, छोट्या ओळींत लिहा. इमारतीचं नाव, मग फ्लॅट, मग जवळची खूण. पिनकोड चुकला असेल तर आधी तो दुरुस्त करा आणि मगच नवा पिन मागवा. पोस्टमनला सांगून ठेवा, नाहीतर पाकीट जाहिरातीचं समजून खालच्या पेटीत पडून राहतं. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती दिसणं थांबतं. सगळे पिन वाया गेले तर ओळखपत्राची प्रत चढवायची सोय मिळते. नाव बँकेत आहे तसंच हवं, एक अक्षरही इकडचं तिकडे चालत नाही.

पैसे महिन्याच्या 21 ते 26 तारखांच्या दरम्यान सुटतात. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो; तुमच्या शाखेला तो नसेल, तर परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा कोड विचारून घ्या. बँक देते ती आवक रकमेची पावती जपून ठेवा, विवरणपत्र भरताना लागते.

द्राक्षबागेवर ब्लॉग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाचक तुटून पडतात, फेब्रुवारीनंतर कुणी फिरकत नाही. लेख कधी टाकावेत? औषधांचे डोस लिहावेत का? – निफाड

वाचक येतो तो छाटणीनंतरचे दिवस मोजत. म्हणून लेखाचं नाव ‘डाऊनी नियंत्रणाविषयी सर्व काही’ असं नको, ‘गोडी छाटणीनंतर पोंगा अवस्थेत डाऊनी’ असं ठेवा. (गोडी छाटणी म्हणजे ऑक्टोबरची फळछाटणी, पोंगा म्हणजे फुटणारा डोळा, डाऊनी म्हणजे केवडा रोग.) बागायतदार फोनवर पोंगा, दोडा, फुलोरा, सेटिंग, थिनिंग हेच शब्द बोलतो. ऑक्टोबर छाटणीचे लेख ऑगस्टपर्यंत वर पाहिजेत, गूगलला नवं पान उचलायला वेळ लागतो. सटाण्याकडची अर्ली बाग त्याच्याही आधी छाटतात, त्यांच्यासाठी जूनपर्यंत तयारी हवी. फेब्रुवारीनंतरचा हंगाम रिकामा जातो कारण एप्रिलच्या खरड छाटणीवर फार कमी लोक लिहितात. सबकेन (काडी खुडून पुन्हा फुटवणं), काडीची विरळणी, पानांची संख्या हे विषय तिथे मोकळे पडलेत.

लेखाच्या वेब-पत्त्यात वर्ष घालू नका. दर हंगामाला नवं पान काढलं की जुन्याची पुण्याई वाया जाते. तेच पान सुधारा आणि वर ‘कधी सुधारलं’ ती तारीख ठळक द्या.

डोसचा प्रश्न जोखमीचा आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षांसाठी औषधांची यादी देतं, शेतकरी तिला ‘ॲनेक्शर 5’ म्हणतात. तिच्यात लेबल क्लेम (कोणतं औषध कशावर मंजूर आहे ते), काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची आणि उर्वरित अंशाची मर्यादा असते, आणि ती बदलत राहते. तुमच्या जुन्या लेखातला डोस पुढच्या वर्षी कुणीतरी वाचतोच. अंशाने काय होतं ते 2010 मध्ये नाशिककरांनी बघितलंय : क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरायचं ते आपलं सीसीसी, युरोपात द्राक्षांत सापडलं आणि कंटेनर अडकले. तेव्हा रोग ओळखायला शिकवा, डोससाठी चालू यादी आणि बाटलीवरचं लेबल बघायला सांगा. कंपनीच्या प्रतिनिधीने पाठवलेला तक्ता जशाच्या तसा कधीच टाकू नका.

फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचे हवेत. डाऊनीत वरून तेलकट पिवळे डाग दिसतात आणि त्याच जागी खालून पांढरी बुरशी. भुरीत राखेसारखा थर. एकाच बाजूचा फोटो टाकलात तर वाचक चुकीचं औषध मारून येतो. फोनमधला 4 एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी 1200 पिक्सेल, वेबपी प्रकार, 150 केबीच्या आत. मळ्यात नेटवर्क किती येतं ते तुम्हाला सांगायला नको.

मिसळवाले म्हणतात, ‘पैसे देतो, चांगलं लिहा.’ घ्यावेत का? – गंगापूर रोड

घ्या, पण लेखाच्या सुरुवातीलाच ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं मराठीतच लिहा. शेवटी बारीक टायपात नको, हॅशटॅगच्या गर्दीत तर नकोच. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली 2021 पासून आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिसळ, फुकट मुक्काम, ठेवून घेतलेला फोन, हेही मोबदल्यातच धरलं जातं. जुलै 2022 पासून एका देणाऱ्याकडून वर्षात 20,000 रुपयांवर गेलेल्या अशा लाभावर 10 टक्के टीडीएस आहे. वस्तू परत केलीत तर तो प्रश्न येत नाही.

पैशांपेक्षा शब्दांवरून जास्त वाजतं. आधी व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या : किती शब्द, किती फोटो, कितीदा बदल, पैसे कधी, आणि मत तुमचंच राहील. निम्मे पैसे आधी. त्यांच्या साइटची लिंक देणार असाल तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ खूण लावा. नाही लावली तर गूगल तुमचंच पान खाली ढकलू शकतं, त्यांचं काही बिघडत नाही.

जुने लेख श्री-लिपीत टाइप केलेत. ब्लॉगवर नुसती चिन्हं दिसतात. – पंचवटी

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर दिसणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. कन्व्हर्टर वापरा, पण नंतर ‘ऱ्या’, रफार, ‘श्र’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच घोळ होतो. नवं लिखाण थेट युनिकोडमध्ये करा.

कुंभमेळ्यासाठी वेगळी साइट काढायचा विचार आहे. गर्दी खूप होईल, कमाई होईल ना? – इंदिरानगर

वाचक येतील, पण थोडे दिवस. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. सप्टेंबरचं तिसरं स्नान झालं की वाचनं उतरणीला लागतील. त्याच दिवसांत मोठ्या वर्तमानपत्रांशी गाठ आहे, बातमीत तुम्ही त्यांना हरवू शकत नाही. बाहेरगावच्या माणसाला पडणारे प्रश्न घ्या. वैष्णव आखाड्यांचं स्नान रामकुंडावर, शैवांचं त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, एवढंही अनेकांना ठाऊक नसतं आणि ते चुकीच्या गावी मुक्काम करतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर कुठून किती पायऱ्या, रिक्षा कुठपर्यंत जाते, हे दोन्ही ठिकाणी स्वतः चालून लिहा. वाहतुकीचे बदल पोलिसांच्या सूचनेवरूनच द्या, प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ टाका, जुनं झालं की काढून टाका. साइटचं नाव सरकारी वाटेल असं ठेवू नका. लॉजचं बुकिंग स्वतःच्या नावावर घेऊ नका; खोली मिळाली नाही की भाविक पहिला फोन तुम्हालाच लावेल.