वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रो, बारा इंची रेकॉर्ड आणि कोकणातली ओल

मागच्या अंकात १९८०च्या दशकातल्या इलेक्ट्रो संगीताच्या, म्हणजे ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर बांधलेल्या नाचाच्या संगीताच्या, रेकॉर्डांची ओळख करून दिली होती. त्यावर किनारपट्टीवरून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेत आहोत.

प्रश्न : 'प्लॅनेट रॉक' हे गाणं माझ्याकडे एका संकलनाच्या एलपीवर आहे. तेच पुन्हा बारा इंची सिंगलवर विकत घ्यावं का? – वाचक, देवगड

जरूर घ्या. या संगीताचा कणा म्हणजे रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा खर्जातला ठोका. तो ५० हर्ट्झच्या आसपास घुमतो आणि लांबत जातो. रेकॉर्ड कोरताना खर्जाच्या स्वराला खाच जास्त डोलते, तिला जागा जास्त लागते. एलपीच्या एका बाजूवर २५ मिनिटं बसवायची तर खाचा एकमेकींना खेटून कोराव्या लागतात. मग एकतर सगळा आवाज खाली आणावा लागतो, नाहीतर खर्ज छाटावा लागतो. बारा इंची सिंगलच्या बाजूवर बहुतेक वेळा एकच गाणं असतं, त्यामुळे कोरणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागत नाही. रेकॉर्ड खिडकीशी नेऊन तिरपी धरा. जिथे ठोके जोरकस आहेत तिथे खाचांमधली अंतरं नुसत्या डोळ्यांना रुंद झालेली दिसतात.

'प्लॅनेट रॉक' १९८२चं, न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय कंपनीचं. आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सचं हे गाणं आर्थर बेकर यांनी निर्माण केलं, सिंथेसायझर जॉन रोबी यांचे. सिंगलच्या मागच्या बाजूला इन्स्ट्रुमेंटल आहे, आधी ते ऐका. त्यातली सुरावट क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'ची (१९७७) आहे आणि ताल त्यांच्याच 'नंबर्स'वरून (१९८१) घेतलेला आहे. दोन्ही जुन्या रेकॉर्डवरून उचललेले नाहीत, नव्याने वाजवले आहेत. म्हणून तर ठोका इतका स्वच्छ येतो. यानंतर डेट्रॉइटच्या सायबोट्रॉनचं 'क्लिअर' आणि हाशिमचं 'अल-नाफिश' घ्या, दोन्ही १९८३ची. शिवाय आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच ८०८ आणि रोलंडचा टीबी-३०३ हा बेस सिंथेसायझर हाताशी घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर बसवले होते. एचएमव्हीची ती मूळ एलपी आज फार दुर्मीळ आणि महाग आहे. २०१०पासून निघालेली पुनर्मुद्रणं घ्यायला आमची काहीच हरकत नाही. संगीत ऐकायचं असतं, कपाटात मिरवायचं नसतं.

प्रश्न : जुन्या घराच्या माडीवर प्लेअर ठेवला आहे. इतर रेकॉर्ड नीट वाजतात, इलेक्ट्रो लावलं की सुई उडते. हेडशेलवर (दांडीच्या सुईकडच्या टोकावर) नाणं ठेवून भागेल का? – वाचक, गुहागर

नाणं अजिबात नको. रुपयाचं नाणं तीन ग्रॅमच्या वर भरतं आणि आजच्या बहुतेक कार्ट्रिजना (सुई ज्यात बसते तो भाग) सुईचा एकूण दाबच दोन ग्रॅमच्या आसपास लागतो. एटी-व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफोन टू-एम रेडला १.८. त्यावर नाण्याची भर पडली की खाच खरवडली जाते आणि सुईही लवकर जाते.

आधी कारण शोधा. स्पीकर बंद करून तेच गाणं हेडफोनवर लावा. सुई उडायची थांबली तर दोष फळ्यांचा आहे. स्पीकरचा खर्ज लाकडी तक्तपोशीतून प्लेअरपर्यंत जातो, सुई तो परत उचलते, ॲम्प्लिफायर तो आणखी वाढवतो आणि हे चक्र वाढतच जातं. सतारीला किंवा गाण्याला हे जाणवत नाही, कारण तिथे ५० हर्ट्झला फारसं काही नसतंच. उपाय म्हणजे प्लेअर जमिनीवरून उचलून भिंतीवर घ्या. जांभ्याची जाड भिंत यासाठी फार उत्तम. दोन लोखंडी ब्रॅकेट, त्यावर कडप्प्याची लादी आणि लादीखाली चार कोपऱ्यांत रबराचे तुकडे. जांभा ठिसूळ असतो, त्यात छोटे प्लॅस्टिकचे प्लग ढिले पडतात. चांगले १० सेंमी लांबीचे अँकर घ्या आणि ते अखंड चिऱ्यात ठोका, दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात नको.

हेडफोनवरही सुई त्याच जागी उडत असेल तर डिजिटल काट्यावर दाब मोजा, अँटी-स्केटिंग (सुईची दांडी आत ओढली जाऊ नये म्हणून असलेली खुंटी) त्याच आकड्यावर ठेवा आणि रेकॉर्ड धुऊन पाहा.

प्रश्न : श्रावणात कव्हरांना कुबट वास येतो, रेकॉर्डवर पांढरे ठिपके दिसतात. उन्हात ठेवू का? – वाचक, राजापूर

ऊन दाखवू नका, रेकॉर्ड वाकडी होईल. ठिपके बुरशीचे आहेत. तिचं खाद्य म्हणजे कागदी पिशवी, धूळ आणि बोटांचं तेल.

काम पडवीत करा, नाकाला फडकं बांधून. घरात झटकलंत तर बुरशी शेजारच्या कव्हरांवर जाऊन बसेल. कव्हर कोरड्या मऊ ब्रशने पुसा, आतली कागदी पिशवी सरळ फेकून द्या. धुण्यासाठी बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली आणि भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन थेंब. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत सुकतात आणि नवीनच चटचट सुरू होते. मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल फिरवत ओलं करा, दोन मिनिटं थांबा, पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. साबणाचा अंश राहिला तर तो सुईवर गोळा होतो. मधलं लेबल कोरडं राहू द्या. अल्कोहोल पेट घेतं, जवळ समई किंवा शेगडी नको. आणि हे मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना चुकूनही लावू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

धुणं सोपं आहे, खरी मेहनत पुढे आहे. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी परत येणारच. रेकॉर्ड दार घट्ट बसणाऱ्या कपाटात उभ्या ठेवा, भिंतीपासून १५ सेंमी लांब आणि जमिनीपासून फूटभर वर. आतली पिशवी पॉलिथिनची घ्या. मऊ पीव्हीसीची नको, ती रेकॉर्डला चिकटून धुरकट डाग पाडते. शंभरेक रेकॉर्डांच्या कपाटात अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल ठेवा. त्याचा रंग हिरवा झाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. आषाढात हे दर आठवड्याला करावं लागेल, कंटाळा करू नका. डांबरगोळ्या मात्र ठेवू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकला मानवत नाही.

आर्द्रतामापक स्वस्तातला असेल तर तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला आणि मापकासह घट्ट डब्यात आठ तास ठेवा. काटा ७५वर यायला हवा. ७० दाखवला तर नेहमी पाच मिळवून वाचा.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या पेटी-प्लेअरवर इलेक्ट्रोची रेकॉर्ड चालेल का? – वाचक, वेंगुर्ला

वाजेल, पण लावू नका. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याचा दाब पाच ग्रॅमच्या पुढे जातो आणि सुई ताठ असते. खर्जाची रुंद खाच ती मुळावरूनच खरडते.

प्रश्न : आमच्याकडे दुकान नाही, सगळं पार्सलने मागवावं लागतं. काय सांगून ठेवावं? – वाचक, मालवण

तीन गोष्टी. विक्रेत्याकडून लेबलाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागवा. तिथे कोरलेले आकडे-अक्षरं पाहिली की मूळ छपाई कोणती आणि पुनर्मुद्रण कोणतं ते ताडता येतं. दुसरं, रेकॉर्डच्या स्थितीची प्रत 'व्हीजी प्लस'च्या (व्हेरी गुड प्लस) खाली जाऊ देऊ नका. डीजेंनी मागेपुढे घासलेल्या प्रतींमध्ये गाण्याच्या सुरुवातीचा भाग झिजलेला असतो, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण मागवा. तिसरं, रेकॉर्ड कव्हरमधून काढून, आतल्या पिशवीसकट कव्हरच्या मागे ठेवून पाठवायला सांगा. आत राहिली तर कुरियरच्या धक्क्यांनी ती कव्हरची शिवण आतून फाडते. पावसात पार्सल आलं तर कव्हर आणि रेकॉर्ड एक दिवस वेगवेगळे, पंख्याखाली उभे ठेवा, मगच कपाटात ठेवा.